अकरा तुकड्यांचं घड्याळ

१

आमच्या ह्यांचं डोकं फोडलं गेलं, तेव्हा मी बरोबर त्या डोक्यावरच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होते. मधे फक्त एक छत. तरी मला काही ऐकू आलं नाही.

कारण बारा वाजत होते. खाली दुकानात भिंतीवर तीस घड्याळं आहेत. दुपारी बाराला ती सगळी ठोके द्यायला लागली की मिनिटभर स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. लेक तान्हा असताना हे प्रत्येक ठोकणीखाली कापसाचा बोळा कोंबत, तेव्हा चार महिने आमच्याकडे बारा मुकाट्याने वाजले. एरवी बेचाळीस वर्षांच्या संसारात मला गप्प बसवणारं तेवढं एकच मिनिट.

सव्वाबाराला लेकाची किंकाळी ऐकली आणि मी आतल्या जिन्याने खाली धावले.

हे कामाच्या टेबलावर पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू आत दबली होती. रक्त टेबलावर, दिव्यावर, भिंतीवर, पार छतापर्यंत उडालं होतं. खाली एक पितळी वजन पडलं होतं, उंच घड्याळाला साखळीने लोंबतं ते, तीन किलोचं. त्याला केस चिकटले होते. लेक बापाला उचलून उशीसारखं छातीशी धरून बसला होता, हात कोपरापर्यंत लाल.

"आई, अण्णा अजून गरम आहेत," तो म्हणाला.

मी मनगट धरून बघितलं. घड्याळजीची बायको आहे मी. काय चालू आहे आणि काय बंद पडलंय, ते माझ्या बोटांना कळतं.

एक वाजता पोलीस आले, दोनला त्यांचा गुन्हेगार ठरलासुद्धा. सकाळी दहाला अख्ख्या गल्लीने बापलेकाचं भांडण ऐकलं होतं. लेकाचं कोपऱ्यावर मोटारसायकली दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्याने ह्यांचा सगळ्यांत नाजूक चिमटा न विचारता नेला आणि त्याने कार्ब्युरेटर साफ केला. टोक वाकलं. ह्यांनी भर रस्त्यात त्याच्या मुस्काटात दिली. सव्वीस वर्षांच्या घोड्याला. तो म्हणाला, "एक दिवस हा हातच मोडून ठेवीन." रागात बोललेलं वाक्य, पण गल्लीने ते पोलिसांना जसंच्या तसं वाढलं.

इन्स्पेक्टर वयाने लहान आणि बोलायला गोड होता. "काकू, दुकानातून काय गेलंय, एवढं बघून सांगा."

मी टेबलाकडे बघितलं. काय गेलंय ते मला दिसलंच. पण माझी नजर अडकली ती तिथे असलेल्या एका वस्तूवर. ती तिथे असायला नको होती.

२

आधी ते घड्याळ काय होतं, हे सांगायला हवं.

दुकान मूळचं माझ्या वडिलांचं, बाबांचं. बाबांच्या मनगटावर जुन्या लढाईच्या काळातलं, वैमानिकांसाठी बनवलेलं घड्याळ असायचं. काळी तबकडी, हिरवट आकडे. बारा वर्षांपूर्वी बाबांना याच दुकानात कुणीतरी ठार मारलं. त्यांचंही डोकंच फोडलं होतं. घड्याळ मनगटावरून गेलं होतं. चोर सापडला नाही, घड्याळही नाही.

तेव्हा हे म्हणाले होते, "तुला तुझ्या बाबांचं घड्याळ परत करीन. तेच नाही मिळणार, पण तसंच मिळेल. एकेक अस्सल भाग शोधून जोडीन."

आणि शोधले. पहिली तीन वर्षं काहीच हाती लागलं नाही, मग नऊ वर्षं मिळत गेले. त्या जातीची घड्याळं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि नक्कल चालत नव्हती. आधी काटे मिळाले. मग तबकडी. मग चावी, मग यंत्राच्या दोन पट्ट्या, तोलचक्र, बाहेरचं पोलादी घर. एकेका तुकड्यासाठी वर्ष-वर्ष. मी चौथी नापास, मला त्यावरची अक्षरं कळत नाहीत. पण प्रत्येक तुकडा मी काडेपेटीत घालून वर त्याचं चित्र काढून ठेवलेलं. दहा तुकडे झाले होते. अकरावा म्हणजे मागचं झाकण. ते त्या दिवशी सकाळीच आलं होतं.

अकराच्या सुमाराला हे वर आले होते. चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, "बाबांचं घड्याळ बाबांशिवाय कुणी उघडायचं का गं?"

"कुणाची टाप होती? का?"

"जेवताना सांगतो," म्हणाले आणि खाली गेले. ते जेवण राहिलं.

"झाकण गेलंय," मी इन्स्पेक्टरला सांगितलं. "बाकी दहाही भाग आहेत. आणि ही टोपी बघा."

उघड्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून घड्याळजी त्यावर काचेची टोपी ठेवतात, लाडूएवढी. टेबलावर तशी टोपी होती आणि खाली बाबांच्या जातीचं ते यंत्र.

"मग?"

"टेबलावर रक्त, दिव्यावर रक्त. टोपीवर एक थेंब तरी दाखवा."

तो वाकला. टोपी बाहेरून लख्ख होती. मी ती रुमालाने उचलली. आत, यंत्राच्या पट्टीवर, तीन थेंब वाळले होते.

"म्हणजे डोकं फुटलं तेव्हा यंत्र उघडं होतं," मी म्हणाले. "टोपी नंतर ठेवली. माणूस मारला, झाकण उचललं, आणि जाताजाता धूळ बसू नये म्हणून यंत्र झाकून गेला. हे हात घड्याळजीचे आहेत साहेब."

"तुमच्या मुलानेही ठेवली असेल."

"त्याने? त्याने जन्मात स्वतःच्या ताटावर झाकण ठेवलेलं नाही."

इन्स्पेक्टर हसला नाही. "काकू, वजनावर त्याचे ठसे आहेत."

"बापाला उचलताना पायात आलं, बाजूला केलं असेल."

"उद्या दुपारी तीनला त्याला कोर्टात उभं करतोय. तोपर्यंत तो स्वतःच कबूल करेल," तो म्हणाला. तेही त्याच गोड आवाजात.

३

संध्याकाळी मला लेकाला भेटू दिलं. एक डोळा बंद, खालचा ओठ फाटलेला. डाव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. त्याच हाताने तो मोटारसायकलींचे नट-पाने फिरवतो.

"आई, मी सही करून टाकतो," तो म्हणाला. "रात्रभर हे परत झेपणार नाही."

"सही केलीस तर बाहेर आल्यावर मी मारीन," मी म्हणाले. "या पोलिसांचं मारणं परवडेल तुला."

बाहेर येऊन मी इन्स्पेक्टरच्या टेबलावर दोन्ही हात टेकले. ह्यांनी शेवटच्या तासात तीन फोन केले होते, एवढं त्याने सांगितलं. तिघांनाही बोलावलं होतं, घड्याळ पुरं झालंय, बघायला या म्हणून. एक फोन जुन्या भागांच्या दलालाला. दुसरा एका दाताच्या डॉक्टरला, त्याला जुन्या घड्याळांचा नाद. तिसरा माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला.

"तिघांनाही विचारलंय. तिघंही म्हणतात, आम्ही गेलोच नाही."

"तुम्ही विचारलंत तसं नको. मला विचारू दे."

सकाळी आठला मी दलालाच्या दारात होते. गल्लीत त्याला पारखी म्हणतात. खोटा माल ओळखतो आणि जास्त भावात विकतो म्हणून. खोलीत शे-दोनशे घड्याळं पोटं फाडून पडलेली, त्यांवर धूळ आणि मेलेल्या माश्या. टोपी एकावरही नव्हती.

"वहिनी, फार वाईट झालं," तो म्हणाला. तो एका लहान वाइसमध्ये, टेबलावरच्या लोखंडी पकडीत, घड्याळाचा पट्टा आवळत होता. "काल दहाला मी झाकण दिलं, पाच मिनिटांत निघालो."

"त्यांनी तुला फोन कशाला केला?"

"असाच."

त्याची दोन बोटं वाइसच्या जबड्याशी होती. मी दांडा धरला आणि एक फेरा दिला. तो किंचाळला.

"माझा मुलगा तिकडे मार खातोय. तू थोडा इकडे खा. कशाला केला फोन?"

"झाकण कुठून आलं विचारत होते, आणखी कशाला! सोडा, वहिनी. भंगारच्या गाडीवाल्याकडून एक पत्र्याचा डबा घेतला होता परवा, त्यात निघालं. डबा संध्याकाळी आणून दाखवतो म्हणालो होतो."

"आधीचे दहा तुकडे कुठले?"

"वेगवेगळे. एक या गावचा, एक त्या गावचा. नऊ वर्षांत दहा ठिकाणं फिरलो."

मी दांडा उलटा फिरवला. त्याने बोटं चोखत डबा काढून दिला. तळाशी केसासारखे बारीक स्क्रू, आणि माशाच्या खवल्यांसारखे पारदर्शक, मऊ, वाटोळे तुकडे, वीस-पंचवीस.

"हे घड्याळाचे नाहीत," मी म्हणाले.

"नाहीतच. कशाचे असतील ते मलाही कळेना."

डबा मी पदराखाली घेतला. पारखीने मारलं नव्हतं. ज्याला रोजच्या धुळीचं काही वाटत नाही, तो खून करून यंत्र झाकायला थांबणार नाही. आणि त्याने मारलं असतं तर अकराही तुकडे नेले असते. त्याच्या हाताला वस्तू सोडायची सवयच नाही.

मग दुसरा.

४

डॉक्टरच्या पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीवर रक्त होतं. मी बघितलेलं त्याने बघितलं.

"पेशंटची दाढ," तो म्हणाला.

"ती मेली का जगली?"

त्याने मला आतल्या खोलीत नेलं. तिथे काचेच्या कपाटात साठ-सत्तर घड्याळं, प्रत्येक वेगळ्या डबीत. टेबलावर एक यंत्र उघडं होतं आणि त्यावर काचेची टोपी. रविवारी हा स्वतः घड्याळं खोलतो आणि जोडतो, हे मला ठाऊक होतं, टोपीचं नव्हतं.

"काल बाराला तुम्ही कुठे होता?"

"खुर्चीत एक बाई होती. तोंड उघडं, दाताला मशीन लावलेलं. विचारा तिला." तो खुर्चीत बसला आणि चष्मा पुसू लागला. "ते घड्याळ मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी मागे लागलो होतो. काल फोनवर ते म्हणाले, डॉक्टर, हे आता कुणालाच मिळणार नाही. बघून जा फक्त."

"का म्हणे?"

"त्यांना धाप लागली होती. म्हणाले, हे अकरा तुकडे अकरा घड्याळांचे नाहीत. सगळे एकाच घड्याळाचे आहेत. तबकडीचे पाय यंत्राच्या भोकांत कानस न लावता बसले. घरावरचा पोचा आणि झाकणावरचा पोचा एका रेषेत आला. स्क्रूच्या खाचांना एकाच हाताचे ओरखडे आहेत. कुणीतरी एक घड्याळ खोललं आणि गावोगावी सुटं करून विकलं."

"आणि?"

"आणि म्हणाले, ज्याचं घड्याळ आहे तो आता नाही."

खुर्चीचा हात धरून मी उभी राहिले.

दुरुस्ती करणारा माणूस झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने स्वतःची खूण ओरखडून ठेवतो. बाबांची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि खाली टिंब. घड्याळ साफ केलं की एक. बाबांनी स्वतःच्या घड्याळात अशा चौदा खुणा केल्या होत्या.

आमचे हे नऊ वर्षं बाबांसारखं घड्याळ जोडत नव्हते. बाबांचंच जोडत होते. बाबांना मारणाऱ्याने सुटे करून विकलेले तुकडे, त्या जातीच्या सुट्या भागांचं गिऱ्हाईक हे एकटेच असल्यामुळे, एकेक करून आमच्याच टेबलावर आले होते. आणि ज्या झाकणावर बाबांची खूण होती, तेवढंच एक खुन्याने उचलून नेलं होतं.

म्हणजे दोन खुनांना हात एकच.

डॉक्टरच्या बाईला मी बाहेर जाऊन विचारलं. होय म्हणाली. पावणेबारा ते साडेबारा तोंड उघडंच होतं.

मग तिसरा. माझ्याच आईच्या पोटचा.

५

घरी आले तर भावजय स्वयंपाकघरात बसली होती. भाऊ वकिलाकडे गेलाय म्हणाली. कालपासून दोघं माझ्याकडेच होती; भावाने मला मिठीत घेऊन माझ्यापेक्षा जास्त रडून घेतलं होतं.

भाऊ बाबांच्या हाताखाली सोळा वर्षं बसला. बाबा गेले आणि त्याने घड्याळं सोडली. हात थरथरतो म्हणाला. दहा मिनिटांवर त्याचं चष्म्याचं दुकान आहे.

भावजयीचा वरचा ओठ टचटचून सुजला होता. काल ती म्हणाली होती, न्हाणीघरात पाय घसरला. काल मला कुणाच्या ओठाकडे बघायची सवड नव्हती.

"पाय घसरला की लोक ढुंगणावर पडतात," मी म्हणाले. "ओठावर कशी पडलीस?"

ती रडायला लागली. डोळे पुसायला तिने चष्मा काढला आणि माझ्यासमोर ओट्यावर उताणा ठेवला. त्याच्या नाकाच्या जागी दोन मऊ, पारदर्शक, वाटोळे तुकडे होते.

मी पदराखालचा डबा काढला आणि ओट्यावर पालथा केला. तसेच पंचवीस.

भावजयीने डबा बघितला आणि तिचा हात आपोआप ओठाकडे गेला.

"हा डबा तू विकलास?"

"दुकान झाडताना भंगारात दिला, वन्सं. माळ्यावर होता. त्यात जुने स्क्रूच तर होते." ती कुजबुजायला लागली. "काल सकाळी अकराच्या पुढे हे फोन ठेवून माळ्यावर चढले. डबा दिसेना. मी सांगितलं दिला म्हणून, तर मुठीने मारलं. मग घाईने बाहेर गेले. वन्सं, काय होतं हो त्यात?"

मी उठले. इन्स्पेक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, डबा भंगारचा, भावजय घाबरलेली. कोर्टात हे टिकणार नाही."

"टिकेल असं देते. साडेअकराला या. आतल्या जिन्यावर बसा आणि मी मेले तरी खोकू नका. आणि पारखीला नि डॉक्टरलाही बोलवा. भाऊ आपणहून येईलच."

भावजयीला मी वरच्या खोलीत कोंडलं. कपाटातून कापसाचं बंडल काढलं. खाली दुकानात तासभर शिडीवर होते. साठीत शिडी चढणं सोपं नसतं. मग टेबल पुसलं, दिवा लावला, यंत्र मधोमध उघडं ठेवलं, आणि काचेची टोपी हातभर बाजूला.

६

पहिला पारखी आला. पिशवी यंत्राला खेटूनच टेकवली. डॉक्टर आला. वाकून बघितलं, हात पाठीमागे बांधले, उसासा टाकला. परक्याच्या वस्तूला तो हात लावत नाही.

मग भाऊ आला. डोळे लाल.

"ताई, वकील मिळाला. पोराची काळजी करू नकोस. पुरावा सगळा त्याच्याविरुद्ध आहे, पण वयाकडे बघून..." असं म्हणत तो टेबलाशी आला. आणि बोलताबोलताच, माझ्या डोळ्यांत बघतबघत, त्याचा डावा हात बाजूला गेला, टोपी उचलली, यंत्रावर ठेवली आणि वर दोनदा बोट टेकवलं. बाबांसारखं.

हात जराही थरथरला नाही.

"तुम्ही दोघं जा," मी पारखीला आणि डॉक्टरला म्हणाले. ते गेले. मी शटर अर्धं ओढलं. बाराला दहा कमी होते.

"यंत्र झाकलंस," मी म्हणाले.

त्याने टोपीकडे असं बघितलं, जशी ती दुसऱ्या कुणी ठेवली.

"बाबा लाकडी पट्टी उभी मारायचे, बोटांच्या सांध्यांवर," मी म्हणाले. "यंत्र उघडं राहिलं की एक. तुझी नखं किती वेळा काळीनिळी झाली, आठवतं मला. काल ह्यांचं डोकं फोडून झाल्यावरही तुझ्या हाताला तीच पट्टी आठवली."

"ताई, तुझं डोकं फिरलंय."

मी डबा टेबलावर ठेवला. तो पांढरा झाला. मग हळूच खुर्चीत बसला, ह्यांच्या खुर्चीत.

"कुणी दिला?"

"तुझ्या बायकोच्या ओठाने. बाबांचं घड्याळ खोललंस, दहा तुकडे दहा गावांत विकलेस. मग झाकण का ठेवलंस?"

तीस लंबक हलत होते.

"खुणा होत्या ना त्यावर. विकता येईना," तो म्हणाला. "आणि अस्सल भाग कुणी फेकतं का? तू तरी फेकला असतास?" तो हसला. ते हसू मला अजून स्वप्नात दिसतं. "सोळा वर्षं मार मी खाल्ला आणि घड्याळ द्यायचं जावयाला. त्याचा हात चांगला म्हणे. बाबा माझ्या तोंडावर म्हणाले. इथेच. मी वजन कधी उचललं ते मलाच कळलं नाही."

"आणि हे?"

"त्याने किती विश्वासाने सांगितलं. म्हणाला, तू बाबांचा मुलगा, खूण तू ओळख, मग ताईला सांगू. संध्याकाळी पारखी डबा आणतोय म्हणाला. डब्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, ताई." त्याने वर घड्याळांकडे बघितलं. बाराला दोन कमी. "तू जेवायला वर का नाही गेलीस?"

तो उठला. उंच घड्याळाला दुसरं वजन अजून लोंबत होतं. त्याने ते साखळीतून सोडवलं, सवयीने, साखळी घसरू न देता.

मी पळाले नाही. साठीच्या बाईने पळून जायचं कुठे? मी जिन्याकडेही बघितलं नाही. त्याने माझे केस धरले आणि मला टेबलावर आदळलं. पुढचा एक दात तुटून जिभेवर आला. रक्ताची चव लोखंडासारखी लागते. माझा गाल टेबलावर, त्याची मूठ माझ्या केसांत, आणि वजन वर उचललेलं.

आणि तो थांबला. तो बाराची वाट बघत होता.

बारा वाजले. तीस घड्याळांच्या पोटांत तीस ठोकण्या हलल्या आणि सगळीकडून एकदम आवाज आला, थप, थप, थप, कुणी उशीवर चापट्या मारतंय असा.

त्याने मान वर केली. तान्ह्या लेकासाठी हे कापूस कोंबायचे तसा मी प्रत्येक ठोकणीखाली कोंबला होता.

"वाट कसली बघतोस?" मी तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले. "बारा वाजले की."

वजन खाली आलं. मी डोकं ओढलं, ते माझ्या उजव्या हातावर बसलं. दोन बोटांची हाडं मोडल्याचं मी ऐकलं, इतकं शांत होतं दुकान. मग जिन्यावरून बूट वाजले. इन्स्पेक्टरची काठी भावाच्या मनगटावर बसली, एकदा, दोनदा, मग तोंडावर. भाऊ टेबलाखाली पडला तरी ती थांबेना. कालपर्यंत हीच काठी माझ्या लेकावर होती. मी थांब म्हणाले नाही.

भावाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेलं, ते झाकण निघालं. दोन खून करूनही त्याने ते टाकलं नव्हतं. रक्ताचा शर्ट त्याच्या दुकानात, काचा घासायच्या पाण्याच्या पिंपात बुडवलेला सापडला.

लेक त्याच संध्याकाळी घरी आला. तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी टेबलाशी बसला आणि वाकडा झालेला तो चिमटा हातात घेतला. त्याची डावी बोटं सुजलेली, माझी उजवी पट्ट्यांत बांधलेली. दोघांनी मिळून एका माणसाचं काम केलं. यंत्र त्याच्या पोलादी घरात बसवलं. इन्स्पेक्टरने लेकाच्या मारापायी गुपचूप आणून दिलेलं झाकण मी उलटं धरलं, बाबांच्या चौदा खुणांखाली डाव्या हाताने सुईने एक रेघ ओढली आणि खाली टिंब दिलं. रेघ वाकडी आली. लेकाने झाकण दाबलं. ते टक् करून बसलं आणि घड्याळ चालू झालं.

"आई, तू घाल," तो म्हणाला.

"तू घाल. आणि या चिमट्याने पुन्हा कार्ब्युरेटर साफ केलास तर बघ."

तो पहिल्यांदा हसला, फाटक्या ओठाने. मग वर झोपायला गेला.

मी शिडी लावली आणि तीसही घड्याळांतला कापूस काढला. शेवटचा बोळा काढून खाली उतरले तेव्हा रात्रीच्या बाराला एक कमी होता. शटर ओढून घेतलं. ह्यांच्या खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत माझ्या डोळ्यांतून कुणी पाणी बघितलेलं नव्हतं, आणि कुणाला दाखवायचंही नव्हतं.

बारा वाजायला लागले. मी तोंड उघडलं आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ओरडत राहिले. वरच्या खोलीतला लेकही जागा झाला नाही.